मांजराला विमानात केबिनमधून न्यायचंय? मग या क्रमाने करा

मांजर घेऊन विमानतळावर गेलेली आणि काउंटरवरूनच माघारी फिरलेली माणसं बघितली तर बहुतेकांनी कामं सगळी केलेली असतात, फक्त उलट्या क्रमाने. आधी स्वस्त तिकीट, मग फोटोत गोड दिसणारी बॅग, मग शेवटच्या आठवड्यात व्हेटकडे धावपळ, आणि मांजराला त्या बॅगेत बसायची सवय लावणं हे तर कुणाच्या डोक्यातच नसतं. कुत्रेवाल्या मित्राचा सल्लाही इथे फार कामाचा नाही, कुत्रं मालकाबरोबर कुठेही निघतं, मांजराला मालकापेक्षा जागा महत्त्वाची असते. त्यामुळे खालचा क्रम मोडू नका. देशातल्या देशात जायचं असेल तर निदान दीड महिना आधी सुरुवात करा, परदेशी जायचं असेल तर देश बघून चार ते आठ महिने, हो, आठ, कारण पुढे कळेलच.

१. न्यायचं की नाही, हे पहिलं

चार दिवसांची ट्रिप असेल तर नेऊ नका. घरी कुणी येऊन खायला-प्यायला देणार असेल तर मांजर स्वतःच्या घरात जास्त सुखात असतं. घर बदलतंय किंवा मोठा मुक्काम आहे तरच या भानगडीत पडा.

पर्शियन, हिमालयन, एक्झॉटिक शॉर्टहेअर अशी चपट्या नाकाची मांजरं असतील तर व्हेटशी आधी नीट बोला. उडताना केबिनमधली हवा साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असते तेवढी विरळ असते, आपल्याला जाणवत नाही पण ज्याचा श्वास मुळातच अडकत येतो त्याला जाणवते, आणि काही एअरलाइन या जाती घेतच नाहीत. हृदयाचा त्रास, दमा, गाभण मांजर, फार लहान पिल्लू, आणि पूर्वी लघवी अडकून दवाखान्यात राहिलेला बोका, या सगळ्यांसाठी व्हेटचा होकार मिळेपर्यंत तिकिटाचं नावही काढू नका.

२. आधी एअरलाइनला फोन, मग तिकीट

प्रत्येक विमानात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात, त्यांचा कोटा भरला की तुमचं तिकीट कन्फर्म असलं तरी मांजराला जागा नाही. म्हणून फ्लाइट निवडा, फोन करून त्या फ्लाइटवर प्राण्याची जागा आहे का विचारा, आहे म्हटल्यावर तिकीट काढा आणि शक्यतो त्याच कॉलवर मांजराचं बुकिंग जोडून घ्या. ते जोडल्याची लेखी खात्री ईमेलवर मागा. "हो हो, घेऊन या" हे फोनवरचं वाक्य काउंटरवर काहीही कामाचं नसतं.

फोनवर हे विचारून लिहून ठेवा: मांजर आणि बॅग मिळून वजन किती चालतं, बॅगेचा जास्तीत जास्त आकार किती, मऊ बॅग हवी की कडक, मांजराचं कमीत कमी वय किती, कुठले कागद लागतात, फी कधी भरायची, आणि मांजराची बॅग तुमची केबिन बॅग म्हणून मोजतात का. शेवटचा प्रश्न सगळे विसरतात आणि मग गेटवर दुसरी बॅग चेक-इन करावी लागते, मांजराचं सगळं सामान नेमकं तिच्यात असतं.

एका एअरलाइनचा नियम दुसरीला लावू नका. लुफ्तान्सा आणि केएलएम दोन्हींची वजनाची मर्यादा बॅगेसकट ८ किलो, पण बॅगेचा आकार लुफ्तान्साला ५५ × ४० × २३ सेंमीपर्यंत चालतो आणि केएलएमला ४६ × २८ × २४. एमिरेट्सच्या केबिनमध्ये ठराविक मार्गांवर ससाणा बसू शकतो, मांजर नाही! हे नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी परत एकदा विचारा.

कोडशेअर फ्लाइट (तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं) असेल तर तिकीट कुणी विकलं याला अर्थ नाही, विमान प्रत्यक्षात ज्या कंपनीचं उडणार तिचे नियम लागतात. कनेक्शन असेल तर दोन्ही टप्प्यांसाठी मांजराचं बुकिंग वेगवेगळं तपासा. जमलं तर थेट फ्लाइटच घ्या, थोडी महाग पडली तरी.

सीट निवडताना इमर्जन्सी एक्झिटची रांग आणि सगळ्यात पुढची भिंतीसमोरची रांग बाद, कारण तिथे समोर सीटच नसते तर बॅग ठेवणार कशाखाली. बिझनेस क्लासमध्ये जास्त जागा असेल असं वाटतं, पण आडव्या होणाऱ्या सीटखाली बऱ्याचदा बॅग जातच नाही. मला विचाराल तर खिडकी घ्या, तिथून कुणी पाय ओलांडून जात नाही आणि ट्रॉलीचा खडखडाट लांब राहतो. फक्त काही विमानांत खिडकीच्या सीटखालची जागा थोडी अरुंद असते किंवा तिथे स्क्रीनचा डबा असतो, तेही फोनवरच विचारून घ्या.

इशारा: ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे पाळीव मांजर केबिनमधून आत नेताच येत नाही, कार्गोनेच जावं लागतं, एअरलाइन कुठलीही असो. सर्व्हिस डॉगची गोष्ट वेगळी. तुमचा देश यात असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, कार्गोची तयारी पूर्ण निराळी असते.

३. कागद: चिप आधी, लस नंतर

परदेश प्रवासात सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख नंबरची चिप), मग रेबीजची लस. चिप बसवायच्या आधी टोचलेली लस बऱ्याच देशांच्या हिशेबी धरलीच जात नाही, कारण ती लस याच मांजराला दिली याचा पुरावा नसतो. मग लस परत, आणि थांबायचे दिवस परत शून्यापासून. चिप १५ आकडी, आयएसओ ११७८४/११७८५ मानकाची घ्या, आणि बसवल्यावर व्हेटला स्कॅन करायला लावून नंबर स्वतः कागदाशी पडताळा. एक आकडा चुकलेला कागद म्हणजे दुसऱ्याच मांजराचा कागद.

युरोपियन युनियनचं उदाहरण घ्या म्हणजे वेळेचा अंदाज येईल. मांजर १२ आठवड्यांचं झाल्याशिवाय रेबीजची लस धरत नाहीत, पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबायचं. तुम्ही ज्या देशातून निघताय तो त्यांच्या मान्य यादीत नसेल तर वर रक्ताची टायटर टेस्ट (लसीने रेबीजविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती आली का हे बघणारी), तीही लसीनंतर निदान ३० दिवसांनी घेतलेल्या रक्ताची, मान्य लॅबमध्येच, निकाल ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त हवा, आणि रक्त घेतल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं. जपानला दोन लसी, मग टायटर, आणि मग १८० दिवस. आता कळलं आठ महिने का म्हटलं ते?

याच्या उलट हेल्थ सर्टिफिकेट फार लवकर काढून चालत नाही. युरोपियन युनियनमध्ये शिरताना ते १० दिवसांच्या आतलं लागतं, आणि त्यावर खासगी व्हेटची नाही तर सरकारी अधिकारी व्हेटची सही किंवा मंजुरी लागते. लोक महिनाभर आधी उत्साहाने काढून ठेवतात आणि निघायच्या दिवशी ते बाद झालेलं असतं. तुमच्या देशाचा नियम त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवरच बघा, ग्रुपवरच्या "आम्ही तर गेलो, कुणी विचारलं नाही" वर जाऊ नका.

तपासा: चिपची तारीख लसीच्या आधीची किंवा त्याच दिवसाची आहे ना? सगळ्या कागदांवर चिप नंबर, रंग, वय सारखं आहे ना? सगळ्यांच्या दोन-दोन छापील प्रती काढा, मोबाइलमधला फोटो हा फक्त बॅकअप.

४. बॅग निवडणं

केबिनसाठी मऊ बाजूंची बॅग घ्या, ती सीटखाली थोडी दबते, कडक पेटी अर्ध्या इंचासाठी अडते. पण तळ मात्र कडक हवा, नाहीतर मांजर झोळीत बसल्यासारखं मध्ये घसरतं आणि चिडतं. जाळी किमान दोन-तीन बाजूंनी, आणि वरून उघडणारी चेन असलीच पाहिजे, कारण घाबरलेलं मांजर पुढच्या दारातून ओढून काढायला गेलात तर ते चारही पाय रोवतं. चेनला लॉक किंवा क्लिप हवी. मांजर पंजाने चेन सरकवतं आणि तेवढ्याच फटीतून डोकं बाहेर काढतं, डोकं निघालं की बाकीचं मांजर निघालंच. पाठीवरची ती गोल पारदर्शक खिडकीवाली बॅग विमानासाठी घेऊ नका, आत ऊब साठते आणि सीटखाली ती जात नाही.

मांजराला आत उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. मांजर मोठं आणि बॅगेची मर्यादा छोटी असेल तर कितीही ढकललंत तरी उपयोग नाही, काउंटरवरचा माणूस नेमकं हेच बघतो.

वजन घरीच करा: आधी तुम्ही एकटे काट्यावर, मग मांजर आत असलेली बॅग घेऊन, दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा आकडा. आतलं अंथरूण, हार्नेस (मांजराच्या अंगाला बांधायचा पट्टा) धरून करा. काठावर असाल तर हलकी बॅग शोधा. मांजराला घाईघाईत उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका, लठ्ठ मांजर अचानक खायचं थांबलं तर लिव्हरचं गंभीर दुखणं होऊ शकतं.

५. सवय: इथे वेळ घालवाल तेवढा कमी

बहुतेक घरांत बॅग फक्त व्हेटकडे जायच्या दिवशी माळ्यावरून खाली येते, त्यामुळे चेनचा आवाज आला की मांजर पलंगाखाली. हे मोडायला चार ते सहा आठवडे लागतात.

पहिला आठवडा बॅग उघडी करून मांजर जिथे लोळतं तिथेच टाकून द्या, आत त्याचीच वापरलेली चादर, आणि तुम्ही लक्षच देऊ नका. नंतर जेवणाची वाटी बॅगेच्या दाराशी, मग आत, मग अगदी टोकाला. आत निवांत खायला लागलं की खाताना चेन लावा आणि संपायच्या आधी उघडा. मग पाच मिनिटं, मग अर्धा तास. मग उचलून घरात फिरवा, टेबलाखाली ठेवून तुम्ही खुर्चीत पाय पसरून टीव्ही बघा, सीटखालची पोझिशन हीच आहे. शेवटी गाडीतून छोट्या फेऱ्या, ज्या व्हेटकडे संपत नाहीत.

हार्नेसही याच काळात. घातल्यावर पहिल्यांदा मांजर भुईसपाट पडतं, पाय मोडल्यासारखं तिरकं चालतं, ते नाटक आहे, ट्रीट द्या आणि दोन मिनिटांत काढा, रोज थोडी वेळ वाढवा. हार्नेस आणि अंग यात दोन बोटं जातील एवढाच सैल हवा. घरातच घालून मांजराला हळूच मागे सरकू द्या, त्यातून निसटतंय का बघा. निसटत असेल तर दुसरा घ्या, विमानतळावर प्रयोग नको.

तपासा: मांजर बंद बॅगेत दोन तास न ओरडता राहतं का? नसेल तर तारीख पुढे ढकलण्याचा विचार करा.

६. औषध: ट्रायल घरीच

झोपेचं औषध देऊन मांजराला गाढ झोपवून न्यायची कल्पना डोक्यातून काढा. गुंगीच्या काही औषधांनी रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, आणि विमानात मदतीला कुणी नसतं. पूर्ण गुंगीतलं मांजर दिसलं तर एअरलाइन नाकारूही शकते. हल्ली व्हेट भीती कमी करायला बऱ्याचदा गॅबापेंटिन देतात, ते वेगळं, पण तेही व्हेटनेच वजनावर डोस ठरवून दिलेलं, आणि प्रवासाच्या आधी एखाद्या निवांत दिवशी घरी ट्रायल घेतलेलं. काही मांजरं त्याने झोकांड्या खातात, काही जास्तच खातात, हे आधी कळलेलं बरं. गाडीत लाळ गाळणारं किंवा उलटी करणारं मांजर असेल तर मळमळीचं औषधही विचारा.

इशारा: माणसांची औषधं अंदाजाने देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते.

फेरोमोनचा स्प्रे (मांजराला शांत करणाऱ्या वासाचा) वापरणार असाल तर मांजर आत बसायच्या साधारण १५ मिनिटं आधी बॅगेत मारा, त्यातल्या अल्कोहोलचा वास उडाला पाहिजे, नाहीतर मांजर अजूनच बिथरतं.

७. निघायचा दिवस

शेवटचं जेवण फ्लाइटच्या चार ते सहा तास आधी, नेहमीपेक्षा कमी. पाणी बंद करू नका, थोडं थोडं चालू ठेवा. निघायच्या तासभर आधी एका खोलीत मांजर, लिटर ट्रे आणि तुम्ही, दार बंद. टॅक्सी खाली उभी आणि मांजर कपाटाच्या मागे, ही वेळ नेहमी खोलीचं दार उघडं राहिल्यामुळे येते.

बॅगेत थर लावा: खाली डिस्पोजेबल पॅड, त्यावर पातळ टॉवेल, त्यावर परत पॅड, परत टॉवेल. वाटेत शी-शू झाली तर वरचे दोन थर गुंडाळून पिशवीत टाकायचे, खाली कोरडी जागा तयार असते, मांजराला पूर्ण बाहेर काढावं लागत नाही. बरोबर जादा पॅड, ओले वाइप्स, हवाबंद पिशव्या, ट्रीट, घडीची वाटी, औषध, कागद आणि एक मोठा टॉवेल, हे सगळं तुमच्या हातातल्या बॅगेत. हार्नेस घरीच घालून निघा.

वेब चेक-इन झालं तरी काउंटरवर जावंच लागतं, कागद बघतात, कधी वजन करतात, फी घेतात. म्हणून नेहमीपेक्षा तासभर लवकर पोचा. आत गेल्यावर सिक्युरिटीच्या आधी शांत टॉयलेट सापडलं तर तिथे दार लावून पॅडवर सोडून बघा. बहुतेक मांजरं काही करणार नाहीत, करत नसेल तर आग्रह नको, निरोगी मोठं मांजर बरेच तास धरून ठेवू शकतं.

८. सिक्युरिटी: मांजर हरवतं ते इथे

सगळ्यांना विमानाची भीती असते, पण विमान म्हणजे बंद डबा, तिथून मांजर जाणार कुठे. खरा धोका एक्स-रेच्या रांगेतल्या त्या दोन-तीन मिनिटांत आहे, कारण इथे बॅग रिकामी करून मशीनमधून द्यावी लागते आणि मांजर तुमच्या हातात उघडं असतं. ट्रे आदळतायत, मागून लोक ढकलतायत, समोर मोकळा हॉल.

म्हणून रांगेत शिरायच्या आधीच कर्मचाऱ्याला सांगा: बरोबर मांजर आहे, बंद खोलीत तपासणी मिळेल का? बऱ्याच विमानतळांवर ही सोय मागितली तर मिळते, न मागता कुणी देत नाही. थोडा उशीर होईल, होऊ द्या.

खोली नाही मिळाली तर क्रम असा. तुमचा पट्टा, घड्याळ, मोबाइल, लॅपटॉप, बूट जे काय काढायचं ते आधी ट्रेमध्ये घालून पुढे सरकवा, मांजर अजून बॅगेतच. मांजराच्या गळ्यात घुंगरू किंवा धातूचं काही असेल तर तेही आधीच काढा. सगळ्यात शेवटी, तुमची पाळी आल्यावरच, वरची चेन अर्धी उघडा, हात आत घालून हार्नेसची पाठीवरची पट्टी मुठीत धरा आणि मग मांजर उचला. एक हात छातीखाली, त्याच हाताची बोटं पट्टीत अडकवलेली, दुसरा हात मागच्या पायांखाली, आणि तोंड तुमच्या कोपराच्या खळग्यात. मागच्या पायांना आधार मिळाला की मांजर ढकलून उडी मारायला जात नाही. बिथरणारं असेल तर टॉवेलात गुंडाळून घ्या, फक्त तसं करताना अधिकाऱ्याला आधी सांगा. नखं आदल्या आठवड्यात कापलेली असली तर खांदा वाचतो. रिकामी बॅग मशीनमध्ये, तुम्ही मांजरासकट मेटल डिटेक्टरमधून, पलीकडे बॅग हातात आली की पहिलं काम मांजर आत, चेन बंद, क्लिप बंद. बूट नंतर घाला, मोबाइल नंतर उचला, मागचा माणूस काय म्हणतो ते जाऊ दे.

इशारा: मांजर बॅगेत असताना बॅग एक्स-रेमध्ये जाता कामा नये. "लगेच होईल" म्हणत कुणी बॅग ओढलीच तर मोठ्याने थांबवा.

९. विमानात

बॅग समोरच्या सीटखाली, जाळी तुमच्याकडे. शेजाऱ्याला आधीच हळू सांगा, ॲलर्जी असेल तर क्रू सीट बदलून देईल, अर्ध्या प्रवासात कळण्यापेक्षा बरं. बॅगेवर पातळ कापड अर्धं टाका, अंधार मिळतो आणि हवाही खेळते. बोर्डिंगला आणि इंजिन सुरू होताना थोडं ओरडेल, बहुतेक मांजरं नंतर गप्प होतात. बोटं जाळीला लावून ठेवा, सतत बोलत बसू नका, ते उत्तर देत बसतं.

चढताना आणि उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा जाळीतून बोटभर चाटायची ट्रीट दिली तर गिळल्याने बरं वाटतं. घेतलं नाही तर आग्रह नको. लांबचा प्रवास असेल तर मधून बर्फाचा तुकडा किंवा ओल्या बोटाने पाणी.

बॅग उघडायची नाही. मांजर बिचारं म्हणून मांडीवर घ्यायचा मोह होतो, पण नियमात बसत नाही आणि एकदा सुटलं तर सीटांखालून शोधत सगळं विमान हिंडायचं.

तपासा: तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या दिसत असतील तर कापड काढा, वरचा एअर व्हेंट बॅगेकडे वळवा आणि क्रूला लगेच सांगा. नुसती लाळ किंवा ओरडणं याला घाबरू नका.

१०. उतरल्यावर

विमानतळाबाहेर आल्या आल्या "जरा मोकळं करू" म्हणून चेन उघडू नका, गाडीतही नको. मुक्कामी पोचल्यावर एकच छोटी खोली, खिडक्या बंद, आधी लिटर ट्रे, मग पाणी, मग थोडं खाणं, आणि बॅग उघडून तिथेच ठेवा. बाहेर कधी यायचं ते त्याला ठरवू दे. पलंगाखाली पहिला दिवस काढणं अगदी नॉर्मल आहे. पूर्ण घर दोन-चार दिवसांनी दाखवा. लिटर आणि खाणं नेहमीचंच ठेवा, पहिल्या आठवड्याचं बरोबर न्या.

घड्याळ मात्र लावून ठेवा: २४ तासांत लघवी झाली नाही तर व्हेटकडे, बोका ट्रेमध्ये कुंथत बसलाय आणि थेंबही येत नाहीये तर २४ तासांचीही वाट बघू नका, तातडीने न्या. दीड-दोन दिवस काहीच खाल्लं नाही तरी व्हेट.

चिपची नोंदणी ज्या डेटाबेसमध्ये आहे तिथे नवा पत्ता आणि चालू फोन नंबर त्याच आठवड्यात टाका, चिपमध्ये फक्त नंबर असतो, तुमचं नाव नसतं. आणि परत यायचं असेल तर परतीच्या फ्लाइटवर मांजराची जागा वेगळी बुक लागते, हेल्थ सर्टिफिकेटही बहुतेक वेळा तिथल्या व्हेटकडून नव्याने काढावं लागतं, त्याची अपॉइंटमेंट पोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच घेऊन टाका.